विश्लेषण : लोकलहोस्ट, १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०... इंटरनेटची नोंदवही सांभाळणारे जॉन पोस्टेल कोण होते?

घरच्या लॅपटॉपवर वेब सर्व्हर सुरू करायला आज कुणाची परवानगी लागत नाही आणि एक रुपयाही मोजावा लागत नाही. हा सर्व्हर ज्या क्रमांकांच्या आधारे चालतो, त्यांची नोंद कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने सुमारे २६ वर्षे ठेवली आणि त्या क्रमांकांवर कधी मालकी सांगितली नाही. त्यांच्या अखेरच्या वर्षात मात्र ही नोंदवही नेमकी कुणाची, या प्रश्नावरून थेट अमेरिकी सरकारशी खटका उडाला. जॉन पोस्टेल यांच्या आयुष्याची आणि त्यांनी मागे ठेवलेल्या आकड्यांची ही गोष्ट.

घरच्या सर्व्हरचा पोस्टेल यांच्याशी काय संबंध?

वेब डिझाइन शिकणारा कोणताही विद्यार्थी आधी स्वतःच्याच संगणकावर सर्व्हर उभारतो. कुणी झॅम्पसारखे तयार पॅकेज टाकतो, कुणी पायथनची एका ओळीची आज्ञा देतो. मग ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट असे लिहायचे, की आपणच तयार केलेले पान समोर येते. इंटरनेट बंद असले तरी ते येते.

या दोन सेकंदांत तीन गोष्टी घडतात. लोकलहोस्ट या नावाचे रूपांतर १२७.०.०.१ या पत्त्यात होते. या पत्त्याचा अर्थ हाच संगणक, त्यामुळे विनंती घराबाहेर जातच नाही. त्यानंतर संगणकातील अनेक प्रोग्रॅमपैकी ही विनंती कुणाला द्यायची, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. पत्ता म्हणजे सोसायटीचे नाव मानले, तर पोर्ट म्हणजे फ्लॅटचा क्रमांक. वेबसाठी ठरलेला फ्लॅट ८० क्रमांकाचा. तिथे आधीच दुसरा प्रोग्रॅम राहायला आलेला असेल, तर पोर्ट व्यस्त असल्याचा संदेश येतो आणि मग आपण ८०८० किंवा ८००० वापरतो.

हाच सर्व्हर घरातल्या वायफायवरून मोबाइलवर पाहायचा असेल, तर बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकावा लागतो. १२७, ८० आणि १९२.१६८ हे आकडे राउटर बनवणाऱ्या किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने ठरवलेले नाहीत. जगभरातील यंत्रे ते मानतात, कारण ते एका सामायिक नोंदवहीत लिहिलेले आहेत. ती नोंदवही १९७२ पासून १९९८ पर्यंत पोस्टेल यांच्याकडे होती.

नोंदवहीपर्यंत ते कसे पोहोचले?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे इंटरनेटच्या घडणीत ज्यांची नावे कायम घेतली गेली, ते विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. पोस्टेल यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. संगणकांमधील संवादाचे नियम तपासण्याच्या पद्धतीवर त्यांनी १९७४ मध्ये पीएचडी पूर्ण केली.

ते संशोधक विद्यार्थी असतानाच अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट हे जाळे उभे राहत होते. त्याचे पहिले ठाणे याच विद्यापीठात, लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत होते. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री इथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश गेला. लॉगिन या शब्दाची दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. काही वेळाने जोडणी नीट झाली.

या प्रयोगावर काम करणारी मंडळी बहुतांश विद्यार्थी होती. संगणकांनी आपापसात कसे बोलावे, याचे नियम कुणीच त्यांना दिलेले नव्हते. तेव्हा क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी एक टिपण लिहिले. आपण आदेश देत आहोत असे वाटू नये, म्हणून टिपणांच्या या मालिकेला त्यांनी अभिप्रायासाठी विनंती असे नम्र नाव दिले. हीच आरएफसी मालिका. इंटरनेटचे बहुतेक नियम आजही याच नावाने प्रसिद्ध होतात. तिच्या संपादनाचे काम पोस्टेल यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत राहिले. या काळात दोन हजारांहून अधिक टिपणे प्रसिद्ध झाली. त्यातील २०० हून अधिक टिपणांवर लेखक किंवा सहलेखक म्हणून त्यांचे स्वतःचे नाव आहे.

पोर्ट क्रमांकांची यादी कशी सुरू झाली?

जाळे वाढले तशी एक साधी अडचण समोर आली. एका संगणकावर फाइल पाठवण्याची सेवा एका क्रमांकावर आणि दुसऱ्यावर भलत्याच क्रमांकावर असेल, तर जोडणार कसे? मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ लिहिले. ठरावीक सेवांना ठरावीक क्रमांक द्यावेत, त्यांचा हिशेब एकाच व्यक्तीने ठेवावा आणि ती व्यक्ती आपण होऊ का, अशी विचारणा त्यांनी त्यात अर्ध्या विनोदाने केली. कुणी हरकत घेतली नाही. ना निवडणूक झाली, ना नेमणुकीचे पत्र निघाले.

पहिल्या यादीत पाचच क्रमांक होते. दूरच्या संगणकावर काम करण्याच्या टेलनेट सेवेला १, फाइल पाठवण्याला ३, दूरच्या संगणकाला काम सोपवण्याला ५, आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवणाऱ्या एको सेवेला ७ आणि आलेला मजकूर टाकून देणाऱ्या डिस्कार्ड सेवेला ९. सगळे विषम आकडे पाहून आश्चर्य वाटते, पण त्याला कारण होते. त्या काळच्या पद्धतीत एक जोडणी एकाच दिशेने चालायची, त्यामुळे जाण्यायेण्यासाठी सम आणि विषम अशी क्रमांकांची जोडी लागायची. पुढे ही गरज संपली. फाइल पाठवण्याला २१, टेलनेटला २३ आणि ईमेलला २५ क्रमांक मिळाला, पण विषम आकड्यांची ती जुनी खूण आजही यादीत दिसते.

टीसीपी आणि आयपी वेगळे झाले ते कुणामुळे?

पोस्टेल यांना केवळ कारकून ठरवणे चुकीचे होईल. १९७७ मध्ये ते मरिना डेल रे येथील माहितीशास्त्र संस्थेत दाखल झाले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची ही संस्था पुढे आयुष्यभर त्यांचे कामाचे ठिकाण राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी एक टीकात्मक टिपण लिहिले. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी मांडलेल्या टीसीपी या नियमावलीत तेव्हा दोन कामे एकत्र होती. माहितीचे पाकीट योग्य पत्त्यावर नेणे हे एक आणि सगळी पाकिटे क्रमाने, न हरवता पोहोचली याची खात्री करणे हे दुसरे. ही सरमिसळ चुकीची असून दोन्ही थर वेगळे करावेत, असा त्यांचा आग्रह होता. याच दिशेने विचार करणारे इतरही काही जण होते आणि अखेर तसेच झाले.

या वेगळेपणाचा फायदा आज प्रत्येक मोबाइलवर दिसतो. वेब पान उघडताना एकही अक्षर हरवून चालत नाही. बोलताना मात्र एखादा तुकडा हरवला तरी चालतो, थांबणे चालत नाही. अशा कामांसाठी हलकी यूडीपी पद्धत आली. तिची संपूर्ण व्याख्या पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये अवघ्या तीन पानांत लिहिली. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपीची टिपणे त्यांच्या संपादनाखाली आली. ऑगस्ट १९८२ मध्ये ईमेल पोहोचवण्याची एसएमटीपी पद्धत त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केली.

अर्पानेटवरील सर्व संगणकांनी १ जानेवारी १९८३ पर्यंत नव्या पद्धतीवर यावे, असे ठरले होते. त्या संक्रमणाचा आराखडाही पोस्टेल यांचाच. लोक टाळाटाळ करत होते. तेव्हा १९८२ मध्ये जुनी पद्धत थोड्या वेळासाठी मुद्दाम बंद करून, हे खरोखरच होणार आहे, याची चुणूक सर्वांना दाखवण्यात आली.

१२७.०.०.१ हाच पत्ता का?

आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. सुरुवातीच्या वाटणीत सर्वात मोठ्या आकाराच्या जाळ्यांना पहिला आकडा ० ते १२७ यांपैकी मिळायचा. जानेवारी १९८१ च्या यादीत पोस्टेल यांनी दोन्ही टोकांचे आकडे, ० आणि १२७, राखून ठेवले. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत १२७ चा उपयोग स्पष्ट झाला. संगणकाने स्वतःशीच बोलण्यासाठी हा पत्ता वापरायचा आणि तो जाळ्यावर कुठेही दिसता कामा नये.

पत्त्यांची टंचाई जाणवू लागल्यावर या उदारपणावर टीका झाली, कारण एका कामासाठी तब्बल १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते अडकून पडले. १९८१ मध्ये मात्र ४२९ कोटी पत्ते कधी संपतील, असे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

घरातल्या वायफायच्या पत्त्यांची कथा थोडी पुढची. १९९६ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी कायमचे मोकळे ठेवण्यात आले. त्यात १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते आहेत आणि १० ने सुरू होणारेही. यातील १० हा आकडा पूर्वी खुद्द अर्पानेटचा होता. १९९० मध्ये ते जाळे बंद झाले आणि त्याचा पत्ता जगभरातील घरांना व कार्यालयांना मिळाला. हे खासगी पत्ते घराबाहेर चालत नाहीत. म्हणूनच घरचा सर्व्हर बाहेरच्या जगाला आपोआप दिसत नाही. राउटरमध्ये मुद्दाम वाट करून दिली तरच तो दिसतो. तशी वाट करताना पासवर्ड आणि अपडेटची काळजी घेणे गरजेचे, कारण मग ती वाट सगळ्यांसाठीच खुली असते.

नावांचे काम त्यांच्याकडे कसे आले?

सुरुवातीला संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील गट स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती फाइल सांभाळायचा आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घ्यायचे. आपल्या संगणकात होस्ट्स नावाची जी लहानशी फाइल असते, ती याच पद्धतीची आठवण. संगणक वाढले तसे हे काम आवाक्याबाहेर गेले. पोस्टेल यांनी आपल्या संस्थेतील सहकारी पॉल मोकापेट्रिस यांना यावर उपाय शोधायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नेम प्रणाली मांडली. नावांची एकच यादी ठेवण्याऐवजी ती जबाबदारी झाडाच्या फांद्यांसारखी वाटून द्यायची, ही तिची मूळ कल्पना.

ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी डॉट कॉम, डॉट ओआरजी, डॉट ईडीयू अशा वरच्या फांद्या आणि देशांसाठी दोन अक्षरी नावे निश्चित केली. देशांचे संकेत त्यांनी स्वतः बनवले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी घेतली. देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत नोंद ठेवणाऱ्याने पडू नये, हे त्यामागचे कारण त्यांनी पुढे १९९४ मध्ये लिहून ठेवले.

याच व्यवस्थेतून १९८९ मध्ये भारताला डॉट इन मिळाले. ते सांभाळण्याचे काम मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजेच एनसीएसटीकडे गेले. २००५ मध्ये नव्या धोरणानुसार ही जबाबदारी निक्सी या संस्थेकडे आली. त्यामुळे डॉट इनची पहिली दीड दशके मुंबईच्या खात्यावर जमा आहेत.

१९९४ च्या त्या टिपणात पोस्टेल यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एखादे डोमेन सांभाळणारी संस्था त्याची मालक नसते, ती विश्वस्त असते. त्यामुळे हक्क आणि मालकीची भाषा तिथे गैरलागू असून जबाबदारी आणि सेवा यांचाच विचार व्हायला हवा. गावच्या जमिनींची नोंद तलाठ्याकडे असते, म्हणून त्या जमिनी तलाठ्याच्या होत नाहीत, तसेच हे. पोस्टेल यांच्या कामाचे सार एवढेच होते.

क्रमांक मिळवण्यासाठी काय करावे लागायचे?

या कामाला १९८८ च्या सुमारास आयएएनए, म्हणजे इंटरनेट क्रमांक नेमून देणारे प्राधिकरण, असे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात पोस्टेल, रेनॉल्ड्स आणि मूठभर सहकारी, एवढाच त्याचा पसारा. खर्च अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन कंत्राटातून भागायचा. अर्जाची फी नव्हती.

टिम बर्नर्स-ली यांनी जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेब तयार केले, तेव्हा त्यांनाही एक पोर्ट हवे होते. मार्च १९९० च्या यादीत ७९ आणि ८१ हे क्रमांक दिलेले होते, मधला ८० रिकामा होता. जुलै १९९२ च्या यादीत त्यापुढे वर्ल्ड वाइड वेबचे नाव आले. सुरक्षित वेबचा ४४३ हा क्रमांक १९९४ च्या यादीत दिसतो.

फिनलंडमधील टाटू उलोनेन यांचा अनुभव अधिक बोलका आहे. जुलै १९९५ मध्ये त्यांनी दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची एसएसएच पद्धत तयार केली. २१ आणि २३ यांच्यामधला २२ क्रमांक रिकामा होता. तो मिळावा, असा ईमेल त्यांनी पाठवला. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचे उत्तर आले आणि क्रमांक त्यांचा झाला. आज जगभरातील सर्व्हर सांभाळणारे लोक रोज तोच क्रमांक वापरतात. हेलसिंकीतल्या एका संशोधकासाठी यापेक्षा सोपी खिडकी कोणत्याही सरकारी कार्यालयात सापडली नसती.

त्यांच्या नावाचा नियम कोणता?

पोस्टेल यांनी १९८० च्या टिपणांत एक तत्त्व मांडले. आपण माहिती पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, मात्र समोरून येणारी माहिती स्वीकारताना शक्य तितके उदार असावे. घरच्या सर्व्हरवर पहिले पान बनवताना एखादी खूण बंद करायची राहून गेली, तरी ब्राउझर कोरे पान दाखवत नाही. अंदाज बांधून पान दाखवतो. तो याच वृत्तीचा वारस. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या देशांतली यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, त्यात या उदारपणाचा मोठा वाटा आहे.

मात्र त्याची दुसरी बाजूही पुढे आली. चुका खपवून घेतल्या की त्या दुरुस्त करायची गरज कुणाला वाटत नाही. हळूहळू चुकाच नियम होऊन बसतात आणि हल्लेखोरांना फटी सापडतात. २०२३ मध्ये याच आरएफसी मालिकेत प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात या तत्त्वाच्या मर्यादांची सविस्तर चर्चा झाली. नियम लिहिणाऱ्याच्या मालिकेतच त्या नियमावर टीका छापली जाते, हेही या व्यवस्थेचे वैशिष्ट्य.

सरकारशी खटका का उडाला?

पैसा आल्यावर गणित बदलले. १९९३ मध्ये डॉट कॉमसारख्या नावांच्या नोंदणीचे कंत्राट नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला मिळाले. सप्टेंबर १९९५ पासून तिने दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारायला सुरुवात केली. जे काम आतापर्यंत सेवा म्हणून चालले होते, ते बघता बघता मक्तेदारीचा धंदा झाले. नवी डोमेन आणून स्पर्धा निर्माण करावी, असा प्रस्ताव पोस्टेल यांनी १९९६ मध्ये मांडला. त्यावरून वाद पेटला. ट्रेडमार्क जपणाऱ्या कंपन्या, वकील, सरकारे आणि अभियंते सगळेच त्यात उतरले.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी एक ईमेल पाठवला. डोमेन नावांच्या सर्वात वरच्या यादीची प्रत ठेवणाऱ्या संगणकांना रूट सर्व्हर म्हणतात. त्यापैकी १२ सर्व्हर मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्सच्या संगणकावरून घेत. पोस्टेल यांनी त्यातील ८ चालकांना ही यादी आपल्या प्राधिकरणाच्या संगणकावरून घ्यायला सांगितले. त्या चालकांनी त्यांच्या शब्दावर तसे केले. अमेरिकी सरकारशी संबंधित उर्वरित सर्व्हर जुन्याच संगणकाकडे राहिले.

जगातल्या कोणत्याही वापरकर्त्याला काहीच फरक जाणवला नाही, कारण दोन्ही ठिकाणची यादी सारखीच होती. वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. क्लिंटन प्रशासनाचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हा प्रकार ताबडतोब थांबवण्यास बजावले. ही केवळ चाचणी होती, असे पोस्टेल यांचे म्हणणे होते. त्यांनी सर्व काही पूर्ववत केले. इंटरनेटच्या नाड्या एका दाढीवाल्या, सँडल घालून कार्यालयात येणाऱ्या संशोधकाच्या शब्दावर हलू शकतात, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. डोमेन व्यवस्थेच्या फेररचनेचा सरकारी मसुदा दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला बाहेर आला.

त्या ईमेलकडे आजही दोन नजरांनी पाहिले जाते. काहींच्या मते सामायिक ठेवा एका कंपनीच्या किंवा एका सरकारच्या खिशात जाऊ नये, यासाठी विश्वस्ताने घेतलेली ती ठाम भूमिका होती. इतरांच्या मते, कुणीही न निवडलेल्या माणसाच्या हाती एवढी सत्ता असणे हाच मोठा धोका होता. भल्या माणसावर उभी असलेली व्यवस्था तो माणूस असेपर्यंतच टिकते, हा त्यांचा युक्तिवाद सहज खोडून काढण्यासारखा नाही.

शेवटचे दिवस कसे गेले?

हा प्रश्न पोस्टेल यांनाही पडलेला होता. १९९१ मध्ये त्यांच्या हृदयाची एक झडप बदलण्यात आली होती. १९९८ चे उरलेले वर्ष त्यांनी आपले काम एका संस्थेकडे सोपवण्याच्या खटपटीत घालवले. नियमावलीचे मसुदे, बैठका आणि आक्षेप यांतून ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. त्यानंतर १६ दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, लॉस एंजेलिस येथे हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांचे वय होते ५५.

त्याच महिन्यात विंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या मालिकेत सहसा तांत्रिक नियम छापले जातात, तिच्यात तिच्या संपादकाला निरोप देण्यात आला. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर पिशवी टाकून भटकंती करणे ही पोस्टेल यांची आवड. संस्थेचा पगार सोडला तर या आकड्यांतून त्यांनी पैसा केला नाही. तुलनेसाठी एक आकडा पुरेसा आहे. २००० मध्ये व्हेरिसाइन कंपनीने नेटवर्क सोल्युशन्स विकत घेण्याचा सौदा जाहीर केला, त्याची किंमत होती सुमारे २,१०० कोटी डॉलर.

त्यांच्या व्यवस्थेत काय राहून गेले?

ही व्यवस्था अमेरिकेत, अमेरिकी पैशावर आणि इंग्रजी लिपीत वाढली. डोमेनच्या नावात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालायचे. देवनागरीत पत्ता लिहिण्याची सोय भारताला २०१४ मध्ये डॉट भारत आल्यावर मिळाली. तीत मराठी आणि कोकणीचाही समावेश आहे. अमेरिकी सरकारची या नोंदवहीवरील देखरेख संपायला १ ऑक्टोबर २०१६ उजाडावे लागले. म्हणजे पोस्टेल गेल्यानंतर तब्बल १८ वर्षे.

तरीही त्यांच्या कामाचा गाभा टिकला. नव्या सेवेसाठी पोर्ट क्रमांक मागायला आजही फी लागत नाही. नियमांची टिपणे कुणालाही फुकट वाचता येतात. आणि घरच्या संगणकावर सर्व्हर उभारणाऱ्याला कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. टेलिफोन किंवा टीव्ही वाहिनीच्या बाबतीत असे कधीच नव्हते. तिथे आधी परवाना आणि मग यंत्र. इथे दहावीतला विद्यार्थी त्याच नियमांनी सर्व्हर चालवतो, ज्या नियमांनी बँका आणि सरकारे चालवतात.

ही नोंदवही स्वतः कशी पाहता येईल?

त्यासाठी कुठेही जावे लागत नाही. विंडोज संगणकात सिस्टिम फोल्डरच्या आत सर्व्हिसेस नावाची एक साधी फाइल असते. लिनक्समध्ये आणि मॅकमध्येही ती असते. नोटपॅडमध्ये ती उघडून फक्त वाचावी, बदलू नये. डावीकडे सेवेचे नाव आणि उजवीकडे पोर्ट क्रमांक, अशी ती यादी आहे. खाली येत गेले की २५ समोर ईमेल आणि ८० समोर वेब दिसते. आणि अगदी वरच्या ओळींत, ७ समोर एको आणि ९ समोर डिस्कार्ड. हे दोन क्रमांक १९७२ च्या त्या पाच ओळींच्या यादीतले आहेत आणि आजवर कुणाला ते बदलावे लागलेले नाहीत.